पोसायडनच्या हातात पाण्याची पट्टी

आदरणीय बाई,

मी कोल्हापुरातल्या एका हायस्कूलमध्ये तीन वर्षांपासून कलाशिक्षिका आहे. गेल्या महिन्यात आठवीच्या ४६ मुलांना टाऊन हॉलचं म्युझियम दाखवून आणलं आणि सांगितलं, ‘जे मनात भरेल त्यावरून स्वतःचं काहीतरी करून आणा. चित्र, शिल्प, काहीही.’ पंधरा दिवस दिले. तीसेक मुलांनी मोबाईलवरच्या फोटोवरून जशीच्या तशी चित्रं काढली. दोघा-तिघांची तर क्लासच्या सरांनीच काढून दिलेली दिसतात.

एकानं मात्र ब्रह्मपुरीत सापडलेला तो समुद्रदेव पोसायडन शाडूत केला आणि त्याच्या वर उचललेल्या हातात राजाराम बंधाऱ्यावरची पाणी मोजायची पट्टी दिली. कामटीला पांढरा रंग, त्यावर लाल रंगात ३९ आणि ४३. या मुलाचं घर नदीकडेला आहे, दोन्ही मोठ्या पुरांत पाण्यात गेलं होतं. मी विचारलं तर म्हणाला, “बाई, त्येच्या हातात कायतरी पायजेच की. मोकळा हात वर करून कोन उभारतंय?” वर्ग हसला. आता सगळे त्याला ‘पट्टीवाला’ म्हणतात. तो म्हणतोय, माझं परत द्या, मी मोडून टाकतो.

स्नेहसंमेलनात प्रदर्शन आहे. हेडसरांचं म्हणणं, मूळ वस्तू ओळखू येईल अशीच कामं लावा, पाहुणे येणार आहेत. शिवाय देवाच्या हातात पट्टी दिली म्हणून कुणी काही बोललं तर? निवडक चित्रांचं कॅलेंडर छापून विकायचाही त्यांचा विचार आहे. पोसायडनचे पाय आखूड झालेत, ते मी नीट करून दिले तर चालेल का? गुण कशाला द्यायचे? आणि नक्कल करणाऱ्या मुलांना काय सांगू? कष्ट त्यांनीही घेतलेत.

— एक कलाशिक्षिका, कोल्हापूर

प्रिय बाई,

पायांना हात लावू नका.

बाकीचं सावकाश बोलू. हे आधी सांगते, कारण पत्र माझ्यापर्यंत पोचेतोवर तुम्ही शाडू भिजत घातलाही असेल. मी छत्तीस वर्षं चित्रकला शिकवली. मुलाच्या कामात वाकडी रेघ दिसली की आपली बोटं कशी शिवशिवतात, हे मला सांगायला नको.

मी सातवीत असताना पंचगंगेच्या घाटावरचं गणपती विसर्जन काढलं होतं. बैलगाडी होती, दोन बैल होते. बैलांचे पाय मला जमेनात, म्हणून मी बैल पोटापर्यंत पाण्यात उभे केले. माझ्या तेव्हाच्या शिक्षकांनी प्रेमानं, खरंच प्रेमानं, त्या पाण्यावर पोस्टर कलरचा पांढरा हात मारला आणि आठ पाय काढून दिले. सुरेख पाय. चित्राला पहिला नंबर आला, बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. त्या डब्यात आजही माझ्याकडे चटणी असते. चित्र मात्र मी घरी आणलंच नाही. आईनं विचारलं तेव्हा हरवलं म्हणून सांगितलं.

तर, आता तुमच्या पोसायडनकडे. त्या पोरानं काय करून ठेवलंय हे आठवीच्या वर्गाला कळलं नाही, ठीक आहे. मोठ्यांना कळायला हवं.

ब्रह्मपुरी म्हणजे पंचगंगेच्या काठची आपली टेकडी. १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं आणि सातवाहनांच्या काळातली एक नांदती वस्ती मातीतून वर आली. कांस्याच्या वस्तूंचा साठाही याच टेकडीनं त्याच दशकात दिला, आणि त्यात हा लहानसा रोमन समुद्रदेव होता. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कुणा व्यापाऱ्याच्या सामानातून समुद्राचा देव घाट चढून आला आणि नदीकाठी राहिला. त्याच्या उंचावलेल्या हातात मुळात त्रिशूळ होता. तो गेला. हात तसाच राहिला, काहीतरी धरल्यासारखा.

तुमच्या ४६ जणांपैकी बहुतेकांनी मूर्ती बघितली असेल. या मुलानं ती रिकामी मूठ बघितली. आणि मूठ रिकामी आहे म्हटल्यावर तिथं काय होतं, हे कुणाला विचारत न बसता, काय असायला पाहिजे ते त्यानं दिलं. कोल्हापुरात पाण्यावर कुणाची सत्ता चालते? जुलै लागला की सगळं गाव ज्या पट्टीकडे डोळे लावून बसतं, तिची. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. हे आकडे इथल्या पोरांना पाढ्यांआधी पाठ होतात. २०१९ला आणि २०२१ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नदीकडेच्या घरांत त्या रात्री माणसं दर तासाला उठून फूट विचारत होती. तुमचा हा विद्यार्थी पहिल्या पुराच्या वेळी पहिली-दुसरीत असेल, घरच्यांची कुजबुज अंथरुणातून ऐकत. ज्या देवानं त्रिशूळ आपटून पाणी उसळवायचं, तो त्यानं पाणी मोजत उभा केला. शिवाय पट्टीही त्रिशूळासारखीच हात वर करून, ताठ धरायची असते. हाताची ठेवण त्यानं जराही बदललेली नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

राहिले आखूड पाय. पाण्यात उभ्या असलेल्या माणसाचे पाय वरून आखूडच दिसतात. त्यानं ते ठरवून केलं असं मी म्हणत नाही. बहुधा शाडू कमी पडला असेल.

आता नक्कल करणाऱ्या तीसेक मुलांचं. त्यांना रागावू नका, कारण ‘काहीतरी करून आणा’ ही सूचना चुकीची होती. मीही कितीतरी वर्षं हीच सूचना देत होते, म्हणून हक्कानं सांगते. तेरा वर्षांच्या मुलाला ‘काहीही कर’ म्हटलं की ते घाबरतं, आणि घाबरलेलं मूल जे हमखास जमतं तेच करतं. त्याला जमते नक्कल.

आणि नक्कल ही काही शिवी नाही. ज्या गावात अल्लादिया खाँसाहेबांसारखे गवई राहिले, त्या गावात हे मी सांगायला नको. गुरूच्या मागून तीच जागा शंभरदा घेतल्याशिवाय गळ्यातून स्वतःची जागा निघत नाही. हातानं केलेली नक्कल म्हणजे डोळ्यांनी ऐकणं. त्या मुलांनी मूर्तीसमोर बसून नक्कल केली असती तर मी त्यांची पाठ थोपटली असती. त्यांनी नक्कल केली ती फोटोची. मूर्ती कुठून बघायची, किती जवळ जायचं, उजेड कुठला घ्यायचा, हे सगळं मोबाईलनं आधीच ठरवून टाकलेलं. म्हणजे बघितलं मोबाईलनं, मुलांनी नुसतं उतरवून घेतलं. काचेच्या कपाटाला गोल फेरी मारून मूर्तीची पाठ बघितली का, एवढंच एकदा विचारून बघा वर्गात.

ज्यांची चित्रं क्लासच्या सरांनी काढली त्यांचा पंचनामा करू नका. त्या मुलांना तुमच्यासमोर बसवून अर्ध्या तासात एक पेन्सिलचं काम करू द्या, आणि तेच लावा.

पुढच्या वेळी काय करायचं, ते थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या मते तुमचा खरा प्रश्न प्रदर्शनाचा नाहीच. आधी म्युझियमच्या अभिरक्षकांना शाळेच्या लेटरहेडवर पत्र द्या: मुलं बसून रेखाटनं करणार आहेत, तासभर लागेल. सोमवार टाळा. ४६ जण एकदम नेऊ नका. निम्मे आज, निम्मे पुढच्या आठवड्यात. पेन्सिल आणि पॅड, बस. रंगपेटी, पाण्याचा डबा यांना दालनात मज्जाव, आणि तो योग्यच आहे. मोबाईल तुमच्या पिशवीत. खोडरबर शाळेतच ठेवा. मुलं कुरकुरतील, पण खोडरबर नसला की ती रेघ मारण्याआधी बघतात.

पहिली दहा मिनिटं नुसतं फिरू द्या. मग प्रत्येकानं एकच वस्तू निवडायची आणि तिच्यासमोर वीस मिनिटं बसायचं. वीस मिनिटं फार असतात, पाचव्या मिनिटाला चुळबुळ सुरू होते. तेव्हा जवळ जाऊन हळूच विचारा, ‘ह्यातलं काय मोडलंय? काय हरवलंय?’ संग्रहालयाची मजाच ही की तिथली अर्धी दुनिया मोडकी आहे. नाक गेलंय, हात गेलाय, अर्धं वाक्य राहिलेला शिलालेख आहे. धडधाकट वस्तूसमोर मूल गप्प बसतं, मोडक्या वस्तूसमोर बोलायला लागतं. ‘हिचा हात कुणी तोडला?’ ‘ह्याच्या हातात काय होतं?’ तुमच्या पोरानं हाच प्रश्न विचारला, तोही कुणी न सुचवता.

शाळेत परत आल्यावर ती रेखाटनं गोळा करा आणि कपाटात कुलूपबंद करा. दुसऱ्या दिवशी कोरा कागद द्या आणि तीच वस्तू आठवून काढायला सांगा. हेडसरांना सांगा की हा एलिमेंटरी चित्रकला परीक्षेतल्या स्मरणचित्राचा सराव आहे. त्यांना बरं वाटेल आणि ते खोटंही नाही. आपण स्मरणचित्र म्हटलं की बाजार, बसथांबा, रंगपंचमी घोटून घेतो आणि मुलं तोच फुगेवाला दर वर्षी काढतात. पण मूर्ती आठवून काढताना गंमत होते. जे नीट बघितलं ते राहतं, जे नाही बघितलं तिथं मूल स्वतःचं काहीतरी भरतं. मुकुट विसरलेली मुलगी आजीचा अंबाडा काढते. मग कुलूप उघडा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. जिथं दोघांत फरक पडलाय, तिथून त्या मुलाचं काम सुरू करा. माझा अनुभव सांगते, या टप्प्यावर ‘बाई, काय काढू?’ हा प्रश्न बंद होतो.

चित्रं मोडकी नसतात, मग चित्रांचं काय, असं तुम्ही विचाराल. आबालाल रहिमान घ्या. रंकाळा आणि कोटीतीर्थ या माणसानं इतक्या वेळा, इतक्या प्रहरांत रंगवले की त्याची चित्रं बघून आलेल्या माणसाला पाण्याचा रंग निळा असतो असं म्हणवत नाही. मुलांना आधी आबालालांची चित्रं दाखवा आणि त्याच आठवड्यात संध्याकाळी रंकाळ्यावर न्या. भेळेच्या गाड्या, फोकसचे दिवे, कडेला केंदाळ, म्हणजे जलपर्णी. चित्रातलं काय इथं नाही, आणि इथलं काय चित्रात नाही? हे दोन प्रश्न घेऊन मुलं बसली की जलरंगाचं तंत्र कच्चं असलं तरी चित्राला दम येतो. केंदाळाचा हिरवा रंग आबालालांच्या पद्धतीनं लावून बघणाऱ्या एका मुलीचं काम मी अजून विसरले नाही.

राजारामपुरीतलं चंद्रकांत मांडरे यांचं संग्रहालयही सोडू नका. सिनेमातला एवढा मोठा नट, पण आपलं राहतं घर आणि चित्रं शासनाला देऊन गेला. घराचं नावच ‘निसर्ग’. तिथलं पावडर शेडिंग मुलांना जवळून दाखवा. कोरडी रंगपूड कागदावर घासून, पुसून केलेली ती निसर्गदृश्यं बघितली की ‘मला ब्रश धरता येत नाही’ म्हणणारी पोरंही सरसावतात. शाळेत आल्यावर कोळशाची पूड, कापूस आणि जाड कागद द्या. विषय मात्र त्यांच्या गच्चीवरून दिसणारा असू दे. पन्हाळ्याचा डोंगर दिसत असला तर डोंगर, नाहीतर समोरच्यांची पाण्याची टाकी.

आणि वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मारकदगड! आपल्या जिल्ह्यात गावोगावी देवळाबाहेर उभे आहेत; करवीर तालुक्यातल्या बीडला तर किती. वीरगळ खालून वर वाचायचा असतो. तळाला लढाई आणि मरण, त्यावर अप्सरा वीराला घेऊन निघालेल्या, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा, माथ्याला चंद्र-सूर्य. चौकटी-चौकटींत सांगितलेली गोष्ट मुलांना मुळीच परकी नाही. फक्त ती वरून खाली वाचायची त्यांना सवय असते. ‘तुमच्या गल्लीतल्या कुणाचा वीरगळ कराल?’ असं एकदा मी विचारलं होतं. कुणी पुरात होडी चालवणारा काका केला, कुणी कुस्तीत मान मोडलेला चुलता. एकीनं आजी केली. तळाच्या चौकटीत चूल, मधल्यात आजी एसटीच्या खिडकीत, वर पंढरपूर. अप्सरा नव्हत्या, कंडक्टर होता.

एक अवघड गोष्ट तुम्ही पत्रात लिहिली नाही, पण घडली असणार. पोसायडनच्या अंगावर कपडे नाहीत, आणि आठवीचा वर्ग फिदीफिदी हसला असणार. हसू द्यावं मिनिटभर. मग एवढंच विचारावं, कुंभोजच्या बाहुबलीला कोण-कोण जाऊन आलंय? निम्मे हात वर होतील. २८ फुटांची ती दिगंबर मूर्ती बघताना तिथं कुणी हसलं होतं का? बहुतेक वेळा वर्ग आपोआप शांत होतो. उगाच भाषण देऊ नये.

हेडसरांशी भांडू नका. त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे: पाहुण्यांना मूळ वस्तू कळायला हवी. मग ती कळू द्या की. म्युझियमची परवानगी घेऊन मूळ मूर्तीचा पोस्टकार्डाएवढा फोटो शेजारी लावा, आणि खाली त्या पोराचं वाक्य, त्याच्याच बोलीत, एकही शब्द शुद्ध न करता. ‘मोकळा हात वर करून कोन उभारतंय?’ हे वाचून जो पाहुणा हसणार नाही आणि मग गप्प होणार नाही, तो कोल्हापूरचा नव्हे. देवाची टिंगल म्हणाल, तर आपल्या तालमींच्या गणपतींच्या हातांत आजवर काय-काय दिलं गेलंय याची यादी हेडसरांनाच करायला सांगा.

तरीही ते अडून बसले तर त्यांना पिकासोची गोष्ट सांगा. मोठ्या माणसाचं नाव घेतलं की काही दारं उघडतात, काय करणार. पिकासो तेरा वर्षांचा असताना, म्हणजे तुमच्या आठवीच्याच वयाचा, वडिलांबरोबर माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात गेला. तिथं वेलास्केझचं १६५६ सालचं राजघराण्यातलं मोठं चित्र आहे: राजकन्या, तिच्या दासी, कुत्रा आणि कॅनव्हासमागे उभा असलेला खुद्द चित्रकार. ते साल १८९५. पुढं १९५७ मध्ये पिकासोनं चारेक महिने स्वतःला कोंडून घेतलं आणि त्या एका चित्राला उत्तर म्हणून ५८ चित्रांची मालिका केली. त्यातल्या राजकन्येचे पाय कुठं आहेत हे शोधावं लागतं. कुणी नीट करून दिले नाहीत. बासष्ट वर्षं लागली त्याला. आपण पंधरा दिवस दिले होते, बाई.

कॅलेंडरचं थोडक्यात. वर्गात शिकण्यासाठी नक्कल करायला कायद्याची आडकाठी नाही; छापून विकायला निघालात की प्रश्न येतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रावरचा हक्क चित्रकार गेल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. आबालाल १९३१ला गेले, बाबूराव पेंटर १९५४ला. त्यांच्या चित्रांना आता अडचण नाही. चंद्रकांत मांडरे २००१ला गेले, म्हणजे तिथं २०६१ संपेपर्यंत थांबा किंवा रीतसर विचारा. दोन हजार वर्षांच्या मूर्तीला कॉपीराइट नसतो, पण म्युझियममध्ये काढलेला फोटो छापायला म्युझियमला विचारावंच लागतं. आणि एक गोष्ट शाळा हटकून विसरतात. मुलानं स्वतः केलेल्या कामाचा हक्क त्या मुलाचा असतो, शाळेचा नाही. पालकांची सही घेतल्याशिवाय छापू नका.

गुणांबद्दल मला फार सांगण्यासारखं नाही, कारण मला गुण देणं कधीच आवडलं नाही. द्यावेच लागत असतील तर निम्मे गुण संग्रहालयात बसून केलेल्या कागदाला द्या, तो कितीही वेडावाकडा असला तरी. उरलेले, मुलानं मूळ वस्तूतलं काय घेतलं आणि काय बदललं हे त्याला दोन वाक्यांत सांगता आलं की नाही, त्यावर. सफाईला शेवटी चिमूटभर. नुसतं ‘मला आवडलं म्हणून’ एवढंच कारण सांगणाऱ्याला परत पाठवा, रागानं नव्हे, ‘काय आवडलं, बोट ठेवून दाखव’ म्हणून.

आता मुख्य माणूस. तो पोरगा. त्याचं काम लावायचं की नाही, हे मी ठरवणार नाही, तुम्ही नाही, हेडसरही नाहीत. त्याला वर्गात सगळ्यांदेखत विचारू नका. मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या खोलीत बोलवा. ‘तू फार छान केलंस’ म्हणू नका, नदीकडेची पोरं असल्या कौतुकाला दाद देत नाहीत. कामाचं बोला. पट्टीवरचे आकडे कुठून घेतलेस? बंधाऱ्यावर जाऊन बघितलीस का खरी पट्टी? ३९ आणि ४३ मधलं अंतर बरोबर आहे का? तुम्ही त्याच्या कामाला खरं काम समजताय, हे त्याला अशा प्रश्नांतून कळेल. मग विचारा, लावू का. नको म्हणाला तर नको. परत मागितलं तर परत द्या, पण मोडायच्या आधी आठवडाभर कपाटात राहू दे म्हणावं, एवढी सवलत मागा त्याच्याकडे. बहुतेक पोरं आठवड्यात विरघळतात.

‘पट्टीवाला’ या नावाचं काही करू नका. कोल्हापुरात टोपणनाव पुसता येत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. पण पावसाळ्यात वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात रोजची पाणीपातळी लिहायचं काम त्याच्याकडे द्यायला हरकत नाही.

आणि एक राहिलं. उंचावलेला हात शाडूत आतून तारेशिवाय केला असेल तर वाळताना खांद्यापाशी तडा जाईल, आताच बघा. तडा दिसत असेल तर त्यालाच बोलावून सांगा: जाड तारेला सुतळी गुंडाळून घे, शाडूत काथ्या बारीक कातरून मळ, हात परत बसव. बापट कॅम्पातल्या कुणाही कुंभाराला विचारलं तर दोन मिनिटांत दाखवतील. मग ओल्या फडक्याखाली चार-पाच दिवस सावलीत ठेवायचा. पंख्याखाली ठेवू नका.